त्या बातमीतला आकडा

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. निळं प्लास्टिकचं पिंप, त्याच्या तळाशी चेंडूसारखं गुंडाळून बसलेलं खवले मांजर, आणि खाली एक ओळ : ‘ह्याचो रेट किती?’ पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कोणीतरी लिहिलं, ‘लाखात.’ दुसऱ्याने त्याला दुरुस्त केलं, ‘कोटीत रे.’

फोटो आपल्या भागातला की कुठून तरी फिरत आलेला, हे कळायला मार्ग नव्हता. ॲडमिनला फोन करून तो काढायला लावला आणि सोबत दोन ओळी लिहिल्या, की हे शेअर करणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रुप गप्प झाला. मला मात्र झोप लागली नाही. कारण तसंच एक निळं पिंप मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि त्या पिंपाशी माझा संबंध होता. ही गोष्ट मी आजवर कुठेही लिहिलेली नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेची पदविका घेऊन गावी परतलो होतो आणि एका दैनिकाला तालुक्यातल्या बातम्या पाठवत होतो. जिल्ह्यात एका ठिकाणी खवले मांजर विकायला निघालेली माणसं पकडली गेली. बातमी तशी चार ओळींची. पण आम्हाला वर्गात शिकवलं होतं की आकड्याशिवाय बातमीला वजन येत नाही. मी फोनवर एकाला विचारलं, ‘याची किंमत किती असेल?’ तो म्हणाला, ‘आंतरराष्ट्रीय बाजारात भरपूर आहे म्हणतात.’ भरपूर म्हणजे किती? त्याने एक आकडा सांगितला. तो त्याला कुठून मिळाला हे मी विचारलं नाही. डेस्कवर बसलेल्याने तो आकडा उचलून मथळ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर, माझ्या नावासकट. कात्रण मी अजून ठेवलेलं आहे.

दोन-तीन महिन्यांनी एका लांबच्या नातेवाइकाचा फोन आला. आवाज दबका. ‘तू पेपरात लिवलेलंस मां त्या खवल्या मांजराचा? आमच्याकडे एक गावलाहा. गिऱ्हाईक खय गावतला?’

मोटारसायकल काढून गेलो. घराच्या मागच्या पडवीत निळं पिंप, वर फळी, फळीवर दगड. आत ते जनावर. काजूच्या बागेत रात्री राखणीला गेलेल्यांना सापडलं होतं. बॅटरीचा उजेड पडल्याबरोबर ते पळालं नाही, जागच्या जागी गुंडाळून बसलं. गोणत्यात घालून आणलं. पकडायला काहीच कष्ट पडले नव्हते.

मी विचारलं, ‘खाता काय ता?’

‘भात घातलव, केळा घातलव, बांगडो पन घातलव. तोंडच लावणा नाय.’

पिंपात खरंच सुकलेला भात होता, काळं पडलेलं केळं होतं. मी त्यांना म्हटलं, सोडून द्या, पोलिसात गेलं तर तुरुंगात जाल. त्यांनी मान डोलावली, पण तोंडावर स्पष्ट दिसत होतं की मथळ्यातला तो आकडा माझ्या सल्ल्यापेक्षा फार मोठा आहे. मी परत आलो. वनखात्याला फोन केला नाही. नातं आडवं आलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन : ‘मेला ता.’ बागेतच पुरलं म्हणाले. गिऱ्हाईक आलंच नव्हतं. एका ‘पार्टी’ने फोटो मागवले, व्हिडिओ मागवले, वजन करून सांगायला सांगितलं, आणि मग फोन उचलणं बंद केलं.

म्हणजे विक्री झाली नाही, पैसे मिळाले नाहीत, कोणी पकडलं गेलं नाही, बातमी झाली नाही. जनावर तेवढं मेलं.

ते उपाशी का मेलं हे मला नंतर वाचून कळलं. खवले मांजर नावाचंच मांजर आहे. त्याला दात नाहीत. ते खातं फक्त मुंग्या, वाळवी आणि त्यांची अंडी. पुढच्या पायांच्या लांब नखांनी वारूळ फोडायचं, वीतभराहून लांब चिकट जीभ आत घालायची आणि किडे ओढून घ्यायचे. गिळलेलं अन्न पोटातच भरडलं जातं, सोबत गेलेले बारीक खडे त्याला मदत करतात. आंब्याच्या पानांची घरं शिवणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या, ज्यांनी चावलं की आपण आंबे काढायचे सोडून खाली उड्या मारतो, त्याही ते खातं. अशा प्राण्यापुढे भात आणि बांगडा ठेवणं म्हणजे माणसापुढे माती ठेवण्यासारखं. शिवाय भीतीने ते खाणंपिणं टाकतं. प्राणिसंग्रहालयांनासुद्धा हा प्राणी जगवणं फार जड गेलेलं आहे. ओडिशात भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमध्ये त्याच्यासाठी वेगळं प्रजनन केंद्र काढावं लागलं. आणि आपण ते पडवीतल्या पिंपात जगवून विकायला निघालो होतो.

ते राहतं कुठे, हाही प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. जगात खवले मांजराच्या आठ जाती धरतात, चार आशियात, चार आफ्रिकेत. भारतात दोन. ईशान्येकडे चिनी खवले मांजर आणि बाकी बहुतेक देशात भारतीय खवले मांजर. आपलं हे दुसरं. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत, श्रीलंकेतही आहे. वाघासारखं त्याला घनदाट जंगलच लागतं असं नाही. बिळं खणायला माती आणि पोटाला वाळवी-मुंग्या मिळाल्या की झाडीत, माळावर, बागेच्या कडेला, देवराईत कुठेही राहतं. दिवसा बिळात, रात्री बाहेर. म्हणून पन्नास वर्षं गावात काढलेल्या माणसानेही ते एकदा-दोनदाच पाहिलेलं असतं.

आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जंगलाचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. म्हणजे हे जनावर अभयारण्यात राहत नाही, ते तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावर राहतं. काजूची बाग, आंब्याचं कलम, चिऱ्याचा सडा, देवाची राई, हेच त्याचं घर. तिथे जेसीबी लागला की बीळ गेलं. वाळवी मारायला औषध ओतलं की जेवण गेलं. वनरक्षक तिथे रोज येऊ शकत नाही. तिथे रोज जातो तो मालक, राखण्या आणि गडी. त्यामुळे हे जनावर जगणार की मरणार हे ठरवणारी माणसं तीच.

शिकार आपल्याकडे नवीन नाही, तसं म्हणणं ढोंग होईल. पारधीला जाणं, हाकारे घालणं, वाटे करणं हे आमच्या आजोबांच्या पिढीने केलेलं आहे, आणि रानडुकरांनी भात उद्ध्वस्त केल्यावर आजचा शेतकरी काय बोलतो तेही मी रोज ऐकतो. त्याचा राग खोटा नाही. पण खवले मांजराने कोणाचं काय खाल्लं? एक कणीस नाही, एक काजूबी नाही, एक कोंबडी नाही. जे खातं ते आपलीच लाकडं आणि झाडं पोखरणारी वाळवी. पूर्वी ते सापडलं तर काही लोक मटण म्हणून खायचे, खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध जाते असंही मानायचे. पण मुद्दाम त्याच्या मागे कोणी रानोमाळ फिरत नव्हतं. सापडलं तर सापडलं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते बदललं. आता बिळं शोधली जातात, खणली जातात, धूर केला जातो. जनावर तेच आहे, रानही तेच आहे. मधे आला तो आकडा.

हा व्यापार खोटा नाही, हेही सांगितलं पाहिजे. खवले म्हणजे केराटिन. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात तेच. त्यांच्यात औषधी गुण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरी चीन आणि व्हिएतनाममध्ये पारंपरिक औषधासाठी त्यांना मागणी राहिली. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला आठवड्याच्या आत दोन वेळा माल पकडला गेला, एकदा १२.९ टन आणि एकदा १२.७ टन. दोन्ही नायजेरियातून व्हिएतनामला निघालेले. अंदाज असा निघाला की त्यासाठी सुमारे ३८,००० खवले मांजरं मारली गेली. त्या मालाची किंमतही तेव्हा जगभर छापून आली. मी ती इथे मुद्दाम देत नाही.

आपल्या देशाचं बोलायचं तर ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांतल्या जप्तीच्या नोंदी एकत्र केल्या. ३४२ प्रकरणं, १,२०३ खवले मांजरं. राज्यांमध्ये पहिलं ओडिशा आणि दुसरा महाराष्ट्र. हे फक्त पकडले गेलेले. माझ्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेलं त्यात नाही. तसं कुठल्याच बागेत पुरलेलं त्यात नाही.

या जनावराची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि ते शेपटीच्या बुडाशी बसवून हिंडते. उंदरा-डुकरांसारखी भर पडत नाही. एका वाडीच्या रानातली दोन-तीन जनावरं गेली तर तिथली जागा वर्षानुवर्षं मोकळी राहते. आणि जीव वाचवायचा त्याच्याकडे एकच उपाय, गुंडाळून बसणं. बिबट्याचे दात त्या गोळ्यावर सहजी चालत नाहीत. पण माणसाला दात लावायचेच नसतात, त्याला फक्त गोणतं लागतं. जो उपाय बिबट्यापुढे चालतो, तोच आपल्यापुढे त्याचा घात करतो.

कायदा पुरेसा कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंक्तीत. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरलं आणि जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं. आपल्याकडे शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. आणि नीट वाचा : कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फासकी लावणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीत येतं. ‘आम्ही मारूक नाय, नुसता ठेवलेला’ हा बचाव चालत नाही. ज्याच्याकडे माल सापडतो तो बहुतेक वेळा आपल्यातलाच कोणी गडी, राखण्या किंवा नोकरी नसलेला पोरगा असतो. समोरचं ‘गिऱ्हाईक’ पुष्कळदा पोलिसांनी किंवा वनखात्याने पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक असतं. खरा दलाल लांब कुठेतरी असतो आणि त्याचं नाव आमच्या बातमीत क्वचितच येतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि हे मी माझ्या पत्रकार मित्रांसाठी लिहितोय.

आपण किंमत का छापतो? वन्यप्राण्याला कायद्याने बाजार नाही. ज्याला बाजार नाही त्याला बाजारभाव कुठला? कधी कारवाई मोठी दिसावी म्हणून आकडा सांगितला जातो, कधी आरोपीच पोलिसांना सांगतो, कधी आपणच इंटरनेटवरून उचलतो आणि डॉलरचे रुपये करतो. सोनं पकडलं तर वजनाला भाव लावता येतो. इथे आपण एका अफवेला पहिल्या पानावर जागा देतो. मांडुळाचं आपण हेच केलं. बिचारा बिनविषारी साप, वाळवंटात-शेतात उंदीर खाऊन राहणारा. ‘दुतोंड्या, कोटींचा’ असं छापून छापून त्याला पिशवीत घातलं. आता पोरं पावसाळ्यात मांडूळ शोधत फिरतात. वीस नखांच्या कासवाचं तेच.

वन्यजीव गुन्ह्यांवर काम करणारे लोक कित्येक वर्षं सांगताहेत की बातमी द्या, पण किंमत देऊ नका. पूर्वी मला हे पत्रकारितेतली ढवळाढवळ वाटायचं. वाचकाला माहिती द्यायची नाही का? आता वाटतं, आत्महत्येच्या बातमीत पद्धत सविस्तर द्यायची नाही हे आपण शिकलो, अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव द्यायचं नाही हे शिकलो, तसंच हेही शिकता येईल. बातमी कमी होत नाही. शिक्षा किती, पकडलेल्याचं पुढे काय झालं, खटला कुठवर आला, जनावर जिवंत होतं का, कुठे सोडलं, हे सगळं छापता येतं. खरं तर तेच आपण छापत नाही. जप्तीची बातमी पहिल्या पानावर आणि निकालाची कुठेच नाही, म्हणून वाचकाच्या डोक्यात उरतो तो फक्त पैसा.

दुसरी बाजू शक्य आहे याचा पुरावा आपल्याच कोकणात आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ पासून वेळासला कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तेव्हाही लोक म्हणायचे, अंडी तर आम्ही पिढ्यान् पिढ्या खातोय. आज किनाऱ्यावरच्या किती गावांत तीच माणसं रात्री उठून घरटी राखतात. त्याच संस्थेने पुढे खवले मांजराचं काम हाती घेतलं, रानात कॅमेरे लावले, गावागावांत बोलले. आणि २०२० च्या फेब्रुवारीत, जागतिक खवले मांजर दिनाला, चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला. ग्रामस्थांनी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून नाचवली. कोकणात पालखी काय असते हे वेगळं सांगायला नको. ज्याला पालखीत बसवलं त्याला गोणत्यात घालताना हात थांबतो.

आपल्याकडे तर यासाठी नवीन काही आणायलाही नको. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरीच. आपण वारुळापुढे हात जोडतो आणि वारुळावर जगणाऱ्याला पिंपात कोंडतो. आणि आमच्या आचऱ्याचं काय सांगू? दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन आम्ही अख्खं गाव मोकळं करतो. गावपळण. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री रानात झोपड्या बांधून राहायचं, आणि कौल मिळाला की परतायचं. घरात दिवा नाही, वाटेवर माणूस नाही. त्या रात्रींत गावातून कोण कोण फिरत असेल याच्या गोष्टी लहानपणी ऐकत आम्ही झोपायचो. भुताखेतांच्याच जास्त. मी आता मनात दुसरंच चित्र आणतो : कोणाच्या तरी परड्यात, बॅटरी नाही, कुत्रं नाही, आणि ते जनावर निवांत वारूळ उकरतंय. गाव फक्त माणसाचं नाही हे आमच्या पूर्वजांनी रिवाजातच घालून ठेवलं आहे. उरलेल्या दिवसांत तेवढं लक्षात ठेवायचं आहे.

तर तीन विनंत्या.

बागेत, सड्यावर, विहिरीत, न्हाणीघरात कुठेही खवले मांजर दिसलं तर हात लावू नका. कुत्री बांधा, बॅटरी बंद करा, जाऊ द्या. आपल्या वाटेने ते निघून जाईल. अडकलं असेल, जखमी असेल, किंवा कोणी पकडून ठेवलंय असं कळलं तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत. नातेवाईक असला तरी करा. मी केला नाही, म्हणून सांगतोय.

फोटो आला तर पुढे पाठवू नका. ‘रेट’ विचारणाऱ्याला गमतीतही आकडा सांगू नका. तुमची गंमत तिसऱ्या माणसाला खरी वाटते.

आणि पत्रकार मित्रांनो, पुढच्या जप्तीच्या बातमीत तो आकडा गाळा. डेस्कवरून फोन येईल, ‘किंमत लिहिली नाहीस?’ येऊ दे. मला आजवर तीन वेळा आला. एकदा माझ्याकडून न विचारता आकडा घातला गेला, दोनदा बातमी तशीच लागली. दोन्ही वेळा वाचकांपैकी कोणीही फोन करून ‘किंमत का नाही दिलीत’ असं विचारलं नाही.

ते जुनं कात्रण आज फाइलमधून काढून टेबलावर ठेवलंय. कागद पिवळा पडलाय, आकडा अजून ठळक आहे. टाकून देणार नाही. नवीन मुलं बातम्या लिहायला शिकायला येतात, त्यांना दाखवायला ठेवतो.

(पोस्ट शेअर करायला हरकत नाही. कॉमेंटमध्ये कोणी किंमत लिहिली तर ती कॉमेंट काढली जाईल. आपल्या गावात खवले मांजर दिसल्याची जुनी आठवण असेल तर जरूर लिहा, फक्त नेमकी जागा लिहू नका.)